मे महिन्यात आजोळी बसून काम करणार असाल तर

लॅपटॉप घेऊन महिनाभर गुहागरकडच्या आजोळी राहण्याचा तुमचा बेत चांगला आहे. असे काही उन्हाळे काढलेल्या माणसाच्या दोन गोष्टी मात्र ऐकून घ्या. अनेक फोन 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठीच बनवलेले असतात, त्यामुळे पडवीतल्या उन्हात चार्जिंगला लावलेला फोन तापणारच. तेव्हा त्याचे कव्हर काढून, चार्जर सोडवून तो सावलीत ठेवावा, पण फ्रिजमध्ये कदापि ठेवू नये. मी तो शहाणपणा एकदा केला आणि गार झालेला फोन किनाऱ्याच्या दमट हवेत बाहेर काढताच त्याच्यात पाणी धरून तो कायमचा मिटला.

चिऱ्याच्या जाड भिंतींमुळे माजघरात नेटवर्क मिळत नाही, म्हणून टेबल खिडकीशी मांडा. वळिवाचा वारा सुटला की वीज जाते. राउटरला वीज फारच कमी लागत असल्याने त्याच्यापुरता छोटा बॅटरी बॅकअप घेतल्यास बैठक अर्ध्यावर तुटत नाही. नेटवर्क नसतानाही चालावे म्हणून फोनमध्ये नकाशे आधीच उतरवून घ्या आणि सुटे पैसे जवळ ठेवा.

एवढे करूनही सारे बंद पडेलच. त्या वेळी रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, फोडून त्यांच्या सालींच्या वाट्यांत साखर भरणाऱ्या मामीजवळ जाऊन बसा. बरणी उन्हात ठेवल्यावर काही दिवसांत जो गडद लाल रस सुटतो, त्याचे माठातल्या पाण्यातले सरबत आणि अढीतून नुकताच काढलेला हापूस समोर असताना राउटरचा दिवा कधी हिरवा झाला, हे मला तरी अजून एकदाही वेळेवर कळलेले नाही.