दुसऱ्या डिव्हिजनचा डावा मिडफिल्डर

प्रिय मित्रा,

तुझा मध्यरात्रीनंतर पाठवलेला लांबलचक मेसेज सकाळी वाचला. बाकी सगळं ठीक, पण त्यातलं एक वाक्य डोक्यातून जाईना. ‘सर, आता कोचिंग करायला घेतलं म्हणजे खेळाडू म्हणून हरलो असं लिहून दिल्यासारखंच आहे.’ आधी राग आला. चहा झाला, तरी राग गेला नाही. म्हणून हे पत्र.

गुडघ्याचं डॉक्टर बघतील. तू किती चांगला खेळतोस हे मी सांगत बसणार नाही. ते तुला माहीत आहे, आणि किती चांगला नाहीस हेही सत्ताविसाव्या वर्षी माणसाला पक्कं माहीत असतं. तो हिशोब तुझा तू कर. मला बोलायचंय ते ज्याच्या टीमची जर्सी घालून तू पेठेत फिरतोस त्या माणसाबद्दल. इंग्लंडच्या ॲस्टन व्हिलाचा कोच, मैदानाच्या कडेला दोन्ही हात हलवत येरझाऱ्या घालणारा उनाई एमेरी. तो खेळाडू म्हणून कोण होता असं परवा विचारलं, तर म्हणालास, ‘स्पेनकडून खेळला असेल की.’

नाही खेळला. जवळपासही नव्हता.

ओंदारिबिया हे फ्रान्सच्या सीमेवरचं, बास्क मुलखातलं गाव. तिथं १९७१ मध्ये जन्म. बाप गोलकीपर, आजा गोलकीपर. १९२९ मध्ये स्पेनची लीग सुरू झाली, तेव्हा तिच्या इतिहासातला पहिलावहिला गोल ज्याने खाल्ला तो रिआल उनिओनचा कीपर म्हणजे याचा आजा. घराण्याचं नाव लीगमध्ये नोंदलं गेलं ते असं! पोरगा रिआल सोसिएदादच्या युवा संघातून वर आला, डाव्या बाजूचा मिडफिल्डर, तुझ्यासारखाच. पहिल्या संघाकडून लीगमध्ये पाच सामने मिळाले. एक गोल केला, तोही आल्बासेतेला ८-१ ने धुतलं त्या सामन्यात. झालं. पहिल्या डिव्हिजनमधलं त्याचं खेळाडू म्हणून आयुष्य एवढंच.

मग तोलेदो. मग गॅलिसियातलं फेर्रोल, जहाजं बांधणाऱ्यांचं गाव. मग माद्रिदच्या कडेचं लेगानेस. दुसऱ्या डिव्हिजनमध्ये दोनशेहून जास्त सामने, आणि कोणाच्या भिंतीवर पोस्टर नाही. शेवटी मुर्सियातल्या लोर्का नावाच्या गावी, तिसऱ्या स्तरावर. तिथं गुडघा गेला. वय बत्तीस-तेहतीस.

आता पुढचं नीट वाच, कारण सगळे इथूनच गोष्ट सुरू करतात आणि म्हणून सगळ्यांना ती चुकीची कळते. २००४-०५ चा सीझन अर्ध्यात आलेला, लोर्काने कोच काढला आणि क्लबच्या अध्यक्षाने जायबंदी एमेरीला विचारलं, तू सांभाळशील का? त्याने हो म्हटलं. लोक म्हणतात नशीब. अरे, नशीब कसलं? ड्रेसिंग रूममध्ये वीस-पंचवीस जण होते. अध्यक्षाला त्यातला हाच का दिसला? ज्याला आपण कधी मेस्सी होणार नाही हे कळलेलं असतं, आणि तरी जो दर रविवारी समोरच्या राइट बॅकचं काय चुकतंय ते बघत असतो, असा माणूस टीममध्ये एखादाच असतो. बाकीचे आपापल्या पायांकडे बघत असतात.

म्हणून तुला गेली चार वर्षं एकच गोष्ट सांगतोय आणि तू गेली चार वर्षं मान डोलावतोयस. वही ठेव. सामना झाला की त्याच रात्री लिही. स्कोअर लिहू नकोस, तो पेपरवाले लिहितात. जागा कुठं सुटली, कोणामुळे सुटली, आणि तू कोच असतास तर कितव्या मिनिटाला काय बदललं असतंस. बेंचवर बसलास तर जास्त लिही, कारण बेंचवरून जास्त दिसतं. बेंचवर बसून तू काय करतोस? मोबाइल. मी पाहिलंय.

लोर्कात त्याला काय करावं लागलं असेल याचा विचार कर. काल ज्याच्याशेजारी बूट बांधत होता, त्याला आज सांगायचं, ‘तू अकरात नाहीस.’ कालपर्यंत ज्यांच्याबरोबर जुन्या कोचला नावं ठेवली, त्यांच्यासमोर आता स्वतःच कोच. आणि लीग कसली, तर चार गट, प्रत्येकी वीस टीम, म्हणजे ८० क्लब. त्यातून वर जाणार फक्त चार. लोर्का वर गेलं. क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा. शेवटची प्ले-ऑफ लढत कोणाशी होती माहितीये? रिआल उनिओनशी. आजाच्या क्लबला घरी बसवून हा वर गेला. पुढच्या वर्षी दुसऱ्या डिव्हिजनमध्ये पाचवा नंबर, पहिल्या डिव्हिजनचं दार थोडक्यात हुकलं. मग अल्मेरियाने बोलावलं, आणि २००७ मध्ये त्यांना पहिल्यांदा पहिल्या डिव्हिजनमध्ये नेलं, आल्या आल्या आठवा नंबर. सगळं मिळून तीन-साडेतीन वर्षांत. हे नशिबाने एकदा होतं. दोनदा होत नाही.

आता तू म्हणशील, बास्क लोकांचं रक्तच तसं. त्याचा गिपुस्कोआ हा प्रांत आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या पाचव्या हिश्शाहूनही लहान, लोकसंख्येने. त्यातून एमेरी, आर्तेता, झाबी अलोन्सो, इराओला, लोपेतेगी असे कोच निघाले, हे खरं आहे. पण या यादीत खेळाडू म्हणून सगळ्यात फिका कोण? एमेरीच. अलोन्सोच्या घरी वर्ल्ड कपचं पदक आहे. त्याला लोक आपोआप ऐकतात. एमेरीला प्रत्येक ड्रेसिंग रूममध्ये आपलं ऐकायला लावावं लागलं, आणि त्यासाठी त्याच्याकडे एकच भांडवल होतं: समोरची टीम कशी खेळते हे त्याला इतरांपेक्षा जास्त माहीत असायचं. व्हॅलेन्सियात तो इतके व्हिडिओ दाखवायचा की तिथला खेळाडू होआकिन नंतर चेष्टेने म्हणाला, पॉपकॉर्न संपायचे पण व्हिडिओ संपायचे नाहीत. एक किस्सा असाही सांगतात की एका खेळाडूवर संशय आला म्हणून याने त्याला कोरा पेन ड्राइव्ह दिला. दुसऱ्या दिवशी विचारलं, बघितलास? बघितला, म्हणाला. (तू असतास तर काय म्हणाला असतास, हे मला विचारू नकोस.)

त्याची वही व्हिडिओची. तुझी कागदाची असू दे. पण असू दे!

पुढचं तुला ठाऊक आहे. व्हॅलेन्सियाला लागोपाठ तीन वर्षं तिसरा नंबर, आणि तरी प्रेक्षक नाखूश. मॉस्कोला गेला, स्पार्टाकने काही महिन्यांत हाकललं. सेव्हियात २०१४, २०१५, २०१६, तीन वर्षांत तीन युरोपा लीग, म्हणजे चॅम्पियन्स लीगखालची युरोपातली क्लबांची स्पर्धा. मग पॅरिस सेंट-जर्मेन. चॅम्पियन्स लीगमध्ये दोन सामन्यांची लढत, गोलांची बेरीज धरायची. पहिल्या सामन्यात बार्सिलोनाला ४-० ने झोपवलं आणि ८ मार्च २०१७ ला दुसरा ६-१ ने हरून बाहेर. ८८व्या मिनिटाला स्कोअर ३-१ होता. त्यानंतर तीन गोल. जगात जिथं जिथं फुटबॉल बघतात तिथं त्याची नाचक्की झाली. मग आर्सेनल, तिथं तर त्याच्या इंग्रजी उच्चारांची टर उडवली गेली, मीम झाले. ऑफसाइड ट्रॅप ज्याला कळतो त्याच्या ‘गुड ईव्हनिंग’वर हसणारे लोक. बास. नोव्हेंबर २०१९ मध्ये घरी.

तेव्हा तो कुठं गेला? व्हियारिआल. पन्नासेक हजार वस्तीचं, फरश्यांच्या कारखान्यांचं गाव. एखाद्याला ते खाली उतरणं वाटलं असतं. तुला नक्की वाटलं असतं, कारण तुझ्या डोक्यात अजून वर आणि खाली एवढंच आहे. पहिल्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, मँचेस्टर युनायटेडशी युरोपा लीगची फायनल, पेनल्टी शूटआउट ११-१०, कीपरने स्वतः गोल मारला आणि समोरच्या कीपरचा अडवला. त्या क्लबची ती पहिली मोठी ट्रॉफी. पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीगमधून युव्हेंटस आणि बायर्न बाहेर. मग खालच्या डिव्हिजनमध्ये घसरायच्या तोंडाशी आलेली व्हिला, त्याच सीझनला सातवा नंबर, नंतर चौथा. आणि एप्रिल २०२४ मध्ये आर्सेनलच्याच मैदानावर जाऊन २-० ने जिंकून त्यांच्या विजेतेपदात खोडा घातला. तो सामना तू माझ्या घरी बसून बघितलास. मला आठवतंय तू कोणासाठी ओरडत होतास. त्याच्या सब्स्टिट्यूशनकडे तुझं लक्ष नव्हतं.

आता माझं. तू आडून आडून विचारलंस म्हणून सांगतो, की ‘सर, तुम्हीही सोडलंच ना.’ हो, ती ॲकॅडमी सोडली. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या टीममध्ये कोणाचा भाचा खेळवायचा हे मला ऑफिसमधून कळवायला लागले तेव्हा सोडली. मुलांच्या पालकांनी अडवलं, बायकोने तर महिनाभर ऐकवलं. आजही तेच करेन. लोक म्हणतात जरा जुळवून घ्यायला हवं होतं, आज तुमच्या हाताखाली चार कोच असते. असतीलही. पण अकरा जणांची यादी कोचने करायची, एवढी एक गोष्ट गेली तर राहतं काय? शिट्टी. हे तुला पटवून देण्यासाठी लिहितोय की स्वतःला, कोण जाणे. जाऊ दे. खंत एवढीच की आमच्या वेळी कोचिंग हा स्वतंत्र धंदा आहे, तो खेळत असतानाच शिकायचा असतो, हे सांगायला कोणी नव्हतं. पाय थकले की शिट्टी गळ्यात अडकवायची, असंच सगळे समजायचे. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलेला प्रत्येक जण कोच असतो बघ. त्यांच्यापेक्षा तुला वेगळं काय येतं? वही नसेल, तर काही नाही.

आणि ‘हरलो’ हा शब्द परत माझ्यासमोर काढू नकोस. दुसऱ्या डिव्हिजनचे दोनशे सामने हरलेल्या माणसाचे नसतात. ते दोनशे धडे असतात, पण लिहून काढलेले असतील तरच. नाहीतर ते नुसते दोनशे बसप्रवास.

आता कामाचं. तुझ्याकडे दोन गोष्टी आल्यात: बाहेरच्या शहरातला क्लब, जिथं तू बहुतेक बेंचवर बसशील, आणि शाळेची तेरा वर्षांखालची मुलं. तू विचारतोस यातलं कुठलं. दोन्हीत भांडण लावायची काय गरज? गुडघा बरा होईपर्यंत क्लबवाले तुला काही घेत नाहीत, हे तूच लिहिलंयस. तोपर्यंत शाळा घे. कोचिंगच्या डी लायसन्सच्या पुढच्या कोर्सला नाव घाल. फी जास्त वाटली तर माझ्याकडून ने, परत दे, पण दे. मुलांना पहिले पंधरा दिवस फॉर्मेशन शिकवू नकोस, त्यांना कुणी काही शिकवलं नाही तरी ती काय करतात ते बघ आणि लिही. क्लबने बोलावलं तर जा, बेंचवर बस, आणि तिथंही लिही.

शाळेला होकार कळवण्याआधी करार वाच. पगार दर महिन्याचा हवा, स्पर्धा जिंकल्यावरचा नको. आणि टीम निवडायचा अधिकार कोणाचा, ते त्यात लिहून घे.

तुझा,
सर