प्रगतिपुस्तकात एकूण गुणांच्या आधी काय पाहायचं?

गोव्यातल्या साखळीहून एका आईचं पत्र आलंय: "मुलगा आठवीत आहे. चौथीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत कायम 'अ' श्रेणी. आता विज्ञानात ५२, गणितात ६६. टीचर म्हणतात, वर्गात उत्तरं छान देतो. त्याचे बाबा म्हणतात, सायन्सचा नाद सोड. काय करू?"

ताई, प्रगतिपुस्तकाचा फोटो जोडलात ते बरं केलंत. ५२ ही नुसती बेरीज आहे. अंतर्गत मूल्यमापनात २० पैकी १९ आणि लेखी परीक्षेत ८० पैकी ३३, असे ते ५२ झालेत. म्हणजे प्रकल्प, तोंडी, वही यांत जवळजवळ पैकीच्या पैकी आणि पेपरात निम्म्याच्याही खाली. आता अंतर्गत गुण सढळ हातानं दिले जातात, आणि प्रकल्प कुठल्या घरी कोण करतं हे आपल्याला ठाऊक आहे! त्यामुळे १९ वर फार विसंबू नका. पण टीचरही तेच सांगतात, म्हणून मला त्यात तथ्य वाटतं.

माझा संशय इंग्रजीवर आहे. चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीपासून एकदम सगळे विषय इंग्रजीत, ही आपल्याकडच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलांची नेहमीची वाट. पाचवी-सहावी पाठांतरावर निभावते. आठवीच्या पेपरात 'गिव्ह रीझन्स' आणि 'डिस्टिंग्विश बिटवीन' आलं, की नेमकं काय लिहायचं तेच मुलांना कळत नाही.

शाळेत जाऊन उत्तरपत्रिका बघायला मागा. चुकलेले प्रश्न घरी त्याला मराठीत विचारा. धडाधड उत्तरं आली, तर विज्ञानाची शिकवणी लावून पैसे घालवू नका. रोज पाठ्यपुस्तकाचं एक पान त्याला मोठ्यानं वाचू द्या आणि दोन प्रश्नांची उत्तरं स्वतःच्या साध्या इंग्रजीत लिहू द्या. मराठीतही अडखळला, तर मात्र तो धडाच पुन्हा समजावून द्यायला हवा. गणितात आकडेमोडीची उदाहरणं सुटलीत आणि शाब्दिक राहिलीत का, तेही बघा.

चौथीतल्या 'अ'शी तुलना नको. श्रेणी म्हणजे गुणांचा पट्टा. त्याच्या वरच्या टोकाचं मूल आणि खालच्या टोकाचं मूल कागदावर सारखंच दिसतं.

बाबांना सांगा, शाखा दहावीनंतर निवडायची असते. तेव्हाही अकरावी सायन्स हा एकच रस्ता नाही. तुमच्याच तालुक्यात मयेला सरकारी पॉलिटेक्निक आहे. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केला, की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. अर्थात तिथलीही पुस्तकं इंग्रजीच. म्हणून पुढच्या पालकसभेपर्यंत थांबू नका, याच आठवड्यात टीचरना भेटा. जाताना मुलालाही सोबत न्या.