जुना आगीचा बंब घेऊन नीट करायचा आहे. पंप काढून टाकला तर चालेल का?

विचारणाऱ्याने चार गोष्टी विचारल्या आहेत: परदेशात लोक हौसेने जुने बंब पाळतात तसं आपल्याकडे जमतं का, गाडी मिळते कुठे, विंटेज गाड्यांना मिळणारा खास 'व्हीए' मालिकेतला नोंदणी नंबर मिळतो का आणि खर्च किती येतो. शेवटी हळूच एक ओळ आहे: "पंप जड असतो, तसाही उपयोग नाही, तो काढून मागे बसायला जागा केली तर?" पहिल्या चारांसाठी मी लिहायला बसलो नसतो. त्या शेवटच्या ओळीसाठी बसलोय.

नाही चालणार. पंप काढलात की तुमच्याकडे लाल रंगाचा जुना ट्रक उरतो. तेवढाच हवा असेल तर साधा ट्रक घ्या, स्वस्त पडेल.

आता माझी बाजू. माझ्याकडे टाटा-मर्सिडीजचा बंब आहे. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, १९५४ ते १९६९ डेमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनवत होती, त्या काळातला. लांब बॉनेट, पुढच्या जाळीवर तीन टोकांचा तारा. एका साखर कारखान्यात आयुष्य काढलेलं. बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, ढिगाला उन्हाळ्यात आग लागते, म्हणून कारखान्यांना स्वतःचा बंब ठेवावाच लागतो. नवीन गाडी आल्यावर हा मागच्या बाजूला बाभळीत पडला होता, तिथून भंगाराच्या लिलावात मी उचलला.

व्हीए नंबराचं आधी संपवतो, कारण त्यावर लोक बिनधास्त चुकीचं लिहितात. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांची तरतूद आली: गाडी ५० वर्षांहून जुनी, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. सगळं खरं. पण ती दुचाक्यांसाठी आणि एम-१ वर्गासाठी आहे, म्हणजे ड्रायव्हर सोडून जास्तीत जास्त आठ माणसांची मोटार. ट्रकच्या चासीवरचा बंब त्यात बसत नाही. "करून देतो साहेब" म्हणणारा एजंट भेटेल. त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. माझा बंब आमच्या मळ्यातल्या शेडमध्ये असतो, बाहेर जायचाच झाला तर लो-बेड ट्रेलरवर चढून जातो. रस्त्यावर चालवायचा हट्ट असेल तर हा छंद तुमच्यासाठी नाही.

ब्रिटनमधले व्हिडिओ बघून तुलना करू नका. तिथे ४० वर्षांवरच्या गाडीला रस्ता कर नाही आणि बहुतेकांना वार्षिक तपासणीही नाही. १९५० च्या दशकातले 'ग्रीन गॉडेस' बंब तर खुद्द सरकारनेच लोकांना विकले. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून सरकारी आणि पालिकांच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांनी थेट नोंदणीकृत भंगार केंद्रात जायचं असतं. त्यामुळे नगरपालिकेच्या खेपा मारू नका. खासगी किंवा सहकारी जागा बघा: साखर कारखाने, सूतगिरण्या, जुन्या केमिकल कंपन्या. तिथल्या स्टोअरकीपरशी ओळख काढा, चेअरमनशी नको. चेअरमनला बंब कुठे पडलाय हेच माहीत नसतं.

इंजिनाची काळजी करू नका. सहा सिलिंडरचं डिझेल, मायकोचा इंजेक्शन पंप; हा माल बघितलेले मिस्त्री अजून प्रत्येक तालुक्यात एक तरी आहेत. बॉडीचा सांगाडा सागवानी, वरून ॲल्युमिनियमचा पत्रा. त्याला सुतार लागतो, डेंटर नंतर. रंग भारतीय प्रमाणातला 'फायर रेड', शेड नंबर ५३६, हाच मारा. मेटॅलिक मारलेला एक बंब मी एका मेळाव्यात पाहिलाय. मालकाशी बोललो नाही.

पंपाचे सुटे भाग मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. पण मी कोल्हापूरचा आहे. शिवाजी उद्यमनगरात झिजलेली वेअर रिंग, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकाभोवतीची कडी, नेऊन दाखवली तर "परवा या" म्हणतात आणि खरंच परवा देतात. गनमेटल ओतणारा, टर्निंग करणारा आणि बुश बसवणारा एकाच गल्लीत. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात हे काम करणाऱ्याला जे सोपं आहे ते दिल्लीच्या माणसाला लाख रुपये टाकूनही अवघड आहे, हे मी अभिमानाने सांगतो.

आता मूळ भांडण. शेडची जागा सामाईक आहे. माझी आणि थोरल्या चुलतभावाची, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो. दादांचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच: "पंप काढ, मागं सोफा टाक, वरातीला भाड्यानं दिऊ. नवरदेव वर हुबा राहील, सायरन वाजवत जाईल, सीझनला पैसेच पैसे." घरच्या प्रत्येक जेवणावळीत हा विषय. दिवाळी असो, बारसं असो. माझ्या मेहुण्यांसमोरसुद्धा. पंप सडलाय, ग्लँड (पंपाच्या दांड्याभोवतीचं दोरी भरलेलं सील) गेलंय, असला पंप आता दुनियेत कोण वापरत नाही, हे दादा छातीठोक सांगायचे. दादांनी आयुष्यात ग्लँड उघडून बघितलेलं नाही.

त्यांना बोलायला जागा मिळाली ती विहिरीवर. इम्पेलर, म्हणजे पंपातलं ते फिरतं चाक, साफ करून, नवीन रिंग घालून, ग्लँडला नवी दोरी भरून बंब मळ्यातल्या विहिरीशी नेला. सक्शन पाइप सोडला. पंपापासून पाणी साधारण पंधरा फूट खाली. सेंट्रिफ्युगल पंप हवेला काही करू शकत नाही, आधी आतली हवा काढावी लागते. या गाडीवर ते काम इंजिनाच्या धुरावर चालतं: सायलेन्सरकडे जाणारा धूर इजेक्टरमधून जोरात वळवायचा, तो जाता जाता पंपातली हवा ओढून नेतो. इंजिन रेस केलं की असा आवाज होतो की शेजारच्या मळ्यातली म्हैस दावं तोडायला बघते. हवा किती ओढली ते दाखवणाऱ्या गेजचा काटा चढला. दहा इंचापर्यंत गेला आणि तिथेच बसला. एक इंच पारा म्हणजे फूटभराहून थोडी जास्त उचल, म्हणजे पाणी अकरा फुटांवर येऊन लटकलंय आणि वरचे चार फूट चढत नाही. पुन्हा केलं. तेच.

दादा कट्ट्यावर बसून फोनवर कुणाला तरी सांगत होते, "आवं, नुसता धूर काढायलाय."

सक्शनचे वॉशर बदलले, कपलिंग पान्याने आवळली, ग्लँड अजून कसलं. काटा दहाच्या वर जाईना. मग एका महापालिकेच्या फायर ब्रिगेडमधून पंप ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेल्या तात्यांना घेऊन आलो. वय ऐंशीच्या घरात. चौदा एप्रिलला अजून परीटघडीचे कपडे करून स्टेशनवर जातात. १९४४ साली त्या तारखेला मुंबई बंदरात 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले, म्हणून देशभर त्या दिवशी मानवंदना असते. तात्यांनी ती कधी चुकवलेली नाही.

तात्यांनी पंपाकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "सक्शन काढा. तोंडाला टोपण लावा. हवा वढा आणि इंजिन बंद करा." विहिरीचा संबंधच तोडला. हवा ओढली, इजेक्टरचा व्हॉल्व्ह बंद केला, इंजिन बंद. काटा घसरायला लागला. "आता कुणी बोलायचं न्हाई." दादासुद्धा गप्प. तात्यांनी बिडी पेटवली आणि धूर सोडत एकेक जोडाजवळून तोंड नेलं. सक्शनचं टोपण: धूर सरळ वर. ग्लँड: सरळ वर. डिलिव्हरीचे दोन्ही व्हॉल्व्ह, खालचा ड्रेन कॉक: सरळ वर. मग गेजपाशी आले. गेजला पंपाकडून एक बारीक तांब्याची नळी येते, तिच्या नटापाशी धूर वाकला आणि आत गेला. म्हणजे पंप धडधाकट होता, गळत होतं ते त्याचं मापच. नळीचं टोक चिरलं होतं. ते कापून, पुन्हा फुलवून नट बसवायला चहा उकळायच्या आत झालं.

पुढच्या वेळी काटा दहा ओलांडून सरळ वर गेला, सोळाच्या आसपास इंजिनाचा आवाज एकदम जड झाला. तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला गेजची गरज नाही. तात्यांनी हात वर केला, मी प्राइमिंग, म्हणजे हवा ओढणं, बंद करून थ्रॉटल दिला, पोरांनी ब्रँच, म्हणजे पाइपाचं नोझल, धरली आणि पाणी उसाच्या दोन सऱ्या ओलांडून तिसरीत पडलं. पहिली दोन मिनिटं गंजाचं, चहाच्या रंगाचं. नंतर स्वच्छ.

दादा उठले. म्हणाले, "पाणी काय, विहिरीवरची मोटारबी काढती की." आणि गाडीत बसून निघून गेले.

याचं उत्तर मला त्या दिवशी सुचलं नाही, म्हणून इथे देतो. वॉटर टेंडरच्या, म्हणजे पाण्याची टाकी असलेल्या बंबाच्या, पंपाचं आपल्याकडचं प्रमाण मिनिटाला १८०० लिटर, तेही ७ किलो प्रेशरला. माझ्या पंपाच्या पाटीवर हेच गॅलनमध्ये आहे, ४००. सात किलो म्हणजे सत्तर मीटर उंचीचा दाब. हिशेब केला तर नुसत्या पाण्याच्या अंगाला २८ एचपी लागतात, पंपातली नासाडी धरली तर चाळीसच्या घरात. विहिरीवरची मोटर आहे पाचची. तेव्हा मोटर काय काढते आणि बंब काय काढतो हे दादांनी एकदा कागदावर मांडून बघावं.

आणि "पंप जड असतो" हेही चूक. पंप चेन-पुली लावून दोन माणसं उतरवतात. जड असतं ते टाकीतलं पाणी. माझी टाकी सहाशे गॅलनची, भरली की पावणेतीन टन. वजन कमी करायचंय ना? टाकी रिकामी ठेवा. पंपाला कशाला हात लावता? पंप काढला की पीटीओ (इंजिनाची ताकद पंपाला देणारा जोड) गेला, मागचा गेज पॅनेल गेला, डिलिव्हरी गेल्या, आणि नंतर कितीही पश्चात्ताप झाला तरी तो पंप भंगारवाल्याकडे गनमेटलच्या भावात वितळून गेलेला असतो. आणि आगपंपाला कमी समजू नका: कोव्हेन्ट्री क्लायमॅक्स या ब्रिटिश कंपनीने १९५० च्या सुमारास उचलून न्यायच्या आगपंपासाठी एक हलकं इंजिन केलं, ते इतकं चांगलं निघालं की रेसिंगवाले मागे लागले. मग त्याच कंपनीच्या रेसिंग इंजिनांवर कूपरने १९५९ आणि १९६० ची फॉर्म्युला वन अजिंक्यपदं मारली. हे सोफ्यावरच्या नवरदेवांना सांगून उपयोग नाही, पण विचारणाऱ्याला सांगतो.

खर्च. एकूण आकडा देणार नाही, तो गाडीच्या अवस्थेवर आहे. सहा टायर लाखाच्या आसपास जातात आणि ते पहिल्यांदा घ्यावे लागतात, नाहीतर गाडी शेडमध्ये ढकलताही येत नाही. टाकीचा तळ आतून बहुतेक गेलेलाच असतो, नवीन पत्रा टाकताना पाणी हिंदकळू नये म्हणून आत असलेल्या आडव्या पाट्या वगळू देऊ नका. फॅब्रिकेटर "कशाला पाहिजेत" म्हणतो. बाकीचं हळूहळू होतं. जागा सामाईक असेल तर आधी वाटणी करून घ्या, मग बंब आणा. हा खर्च कुणी धरत नाही.

काही गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या. जुन्या ग्लँडची दोरी बहुतेक ॲस्बेस्टॉसची असते. ती कोरडी खरवडू नका, भिजवून काढा, तोंडाला चांगला मास्क लावा, नवी ग्रॅफाइटची घाला. अर्धी भरलेली टाकी घेऊन मळ्यातसुद्धा वळण घेऊ नका, पाणी एका अंगाला गेलं की गाडी ऐकत नाही. उभ्या गाडीवर पंप चालवताना रेडिएटरला वारा लागत नाही, म्हणून या गाड्यांत पंपाचंच पाणी फिरवून इंजिन थंड करायची नळी असते. ती चोंदलेली नाही ना बघितल्याशिवाय जास्त वेळ चालवू नका. सायरन आणि फिरता दिवा रस्त्यावर लावायचा हक्क ड्युटीवरच्या गाड्यांनाच आहे, त्यामुळे वरातीची कल्पना तशीही बेकायदाच होती. आणि वरचं सगळं टाटा-मर्सिडीजबद्दल. पेट्रोलची फार्गो किंवा डॉज मिळाली तर इंजिनाबद्दल मी लिहिलेलं विसरा.

दादा हे वाचतात, वहिनींनी सांगितलंय. दादा, गाडीवरच्या पितळी घंटेचा लोलक गेल्या गणपतीत तुम्ही पोरांना दाखवायला नेला होता. तो तुमच्या टीव्हीखालच्या कपाटात आहे. आणून द्या.