समुद्राच्या पाण्यात वीज सोडून त्यातलं काही काढायचा पहिलाच प्रयोग आणि थेट लिथियम?

अरे, जरा दमाने. लिटरभर समुद्राच्या पाण्यात लिथियम असतं जेमतेम ०.१७ मिलिग्रॅम, मॅग्नेशियम मात्र सुमारे १.३ ग्रॅम. तेव्हा मॅग्नेशियमपासून सुरुवात कर. त्यातही मिठागरात मीठ ओढून झाल्यावर उरणारं कडू पाणी मिळालं तर उत्तमच, आटवायचं काम उन्हाने आधीच केलेलं असतं. चिलीतल्या आताकामाच्या खारट मैदानात लिथियमचं पाणी असंच वर्षभराहून जास्त काळ तळ्यांत आटवतात.

सहा व्होल्टचं छोटं सोलर पॅनल घे. ऋण टोकाला स्टीलची पट्टी, धन टोकाला ग्रॅफाइटची कांडी जोड आणि दोन्ही पाण्यात बुडव. धन टोकाला स्टील लावलंस तर ते झिजून पाणी तांबूस होईल आणि सगळं वाया. थोड्या वेळाने पट्टीवर बुडबुडे येतील, मग पातळ सायीसारखा पांढरा थर. तो धातू नव्हे हं! ते मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड, थोड्या कॅल्शियमसकट. पाण्यातून मॅग्नेशियम धातू बसतच नाही, आधी हायड्रोजन सुटतो. धातूसाठी वितळवलेलं मॅग्नेशियम क्लोराइड लागतं; ते घरी करायचं नाही.

आणि मांडणी गच्चीवरच कर. धन टोकाला क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. मी एकदा पावसाचं निमित्त करून खोलीत, खिडकी लावून बसलो होतो. दोन दिवस खोकत होतो.