रोमसाठी सीनियर सिटिझनचं खातं मोडायचं का?

प्रश्न: मी 63 वर्षांची, ठाण्यात नौपाड्यात राहते. शाळेत इतिहास शिकवायचे, आता पेन्शन आहे. मिस्टर 67 वर्षांचे, त्यांचे गुडघे दुखतात. तीन वर्षांपूर्वी मी पोस्टात सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये 8.2 टक्क्यांनी 15 लाख ठेवले. जूनमध्ये 6 लाखांची एफडी मॅच्युअर होते. युरोपची एक टूर 14 दिवसांत 9 देश, दोघांचे 8 लाख. दुसरी फक्त इटली, 9 दिवस, छोटा ग्रुप, माणशी 99,000 रुपये अधिक 1,500 युरो. मिस्टर म्हणतात, एवढं जातोय तर सगळं बघून येऊ, स्कीममधले पैसे काढू. काय करावं?

उत्तर: ताई, जरूर जा. गुडघे साथ देतायत तोवर जाणं मला पैशांच्या दृष्टीनेही शहाणपणाचं वाटतं. पण ते खातं मोडू नका.

एफडीचे 6 लाख धरले तर मोठ्या टूरला तुम्हाला 2 लाखच कमी पडतात. या स्कीममधून मात्र 2 लाख तेवढे काढता येत नाहीत, अख्खं खातं बंद करावं लागतं. दोन वर्षं उलटली असली तरी मुद्दलातले 1 टक्का, म्हणजे 15,000 रुपये कापले जातील. दर तिमाहीला येणारे 30,750 थांबतील आणि उरलेली रक्कम परत ठेवायला गेलात तर व्याजदर त्या दिवशीचा मिळेल. आजारपणासाठी वेगळे किती ठेवलेत, ते तुम्ही लिहिलेलं नाही. काहीच ठेवले नसतील तर हे खातं हाच तुमचा आधार आहे.

आणि हे 2 लाख हाताशी असते तरी मी इटलीच सुचवली असती. मोठ्या टूरचा कार्यक्रम तुम्ही पाठवलात, त्यात रोमला एक दुपार आहे. कोलोसियमपुढे ‘फोटो स्टॉप’ लिहिलंय, म्हणजे आत जायचं नाही. जिने इतकी वर्षं मुलांना रोमन साम्राज्य शिकवलं, तिने कोलोसियम रस्त्यावरून बघून बसमध्ये बसायचं, हे मला पटत नाही. इटलीच्या टूरमध्ये रोमला तीन रात्री आहेत, कोलोसियम आणि फोरम, म्हणजे प्राचीन रोमचा मुख्य चौक, आतून, स्थानिक लायसन्सवाल्या गाइडबरोबर. टूर मॅनेजर बस, हॉटेल, जेवण बघतो. त्या दगडांची गोष्ट सांगणारा माणूस वेगळा असतो. पैसे मोजायचे ते त्याच्यासाठी.

मिस्टरांचं म्हणणंही चुकीचं नाही. त्यांना स्वित्झर्लंड फार बघायचं असेल तर दोन देशांची टूर विचारा. रोमच्या तीन रात्री कायम राहत असतील आणि सगळा खर्च 6 लाखांत बसत असेल तर माझी हरकत नाही. गुडघ्यांचं मात्र आधीच बोला. रोज किती चालायचंय, हॉटेलात लिफ्ट आहे का, हॉटेल शहरात आहे की तासभर बाहेर, हे लेखी मागा. व्हॅटिकन म्युझियम बहुतेक रविवारी बंद असतं, तेव्हा तो दिवस रविवारी येत नाही ना, तेही बघून घ्या.

आता किमतीचं. त्या 1,500 युरोंचा दर पैसे भरायच्या दिवशीचा लागतो. युरो एका रुपयाने वाढला की दोघांचे मिळून 3,000 वाढतात, म्हणून थोडी रक्कम हातात राखून ठेवा. जीएसटी, व्हिसा, टिप्स, ‘ऑप्शनल’ म्हणून लिहिलेली ठिकाणं धरून अखेरचा आकडा काढून घ्या. टीसीएस, म्हणजे टूर कंपनी सरकारसाठी आगाऊ घेते तो आयकर, वेगळा भरावा लागेल. तो खर्च नाही, पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता करून घेता येतो. त्यामुळे बुकिंग रिटर्न भरणाऱ्याच्या पॅनवर करा.

शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसासाठी, निदान 30,000 युरोंचा ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतोच. तुमच्या वयाला स्वस्तातला घेऊ नका. बीपी, शुगर, गुडघे, जे असेल ते फॉर्मवर लिहा आणि आधीपासूनच्या आजाराला कव्हर आहे का ते विचारा. लपवलं तर क्लेम अडकतो.

ऑगस्टमध्ये रोमचं ऊन तुम्हाला झेपणार नाही. सप्टेंबरअखेरची तारीख घ्या, म्हणजे एफडीही मोडावी लागणार नाही. आता फक्त बुकिंगची रक्कम भरा, तीही कंपनीच्या खात्यात, एजंटच्या नाही. व्हिसा नाकारला गेला तर किती पैसे परत मिळतील, हे भरण्याआधी लेखी घ्या.