मुलगी लोकांना आरोग्य शिकवते, हा वेळ वाया जातोय का?

प्रश्न : मुलगी सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मेडिकलची प्रवेश परीक्षा दोनदा थोडक्यात हुकली. आता ती मराठी विकिपीडियावर आजारांबद्दल लेख लिहिते आणि रविवारी वस्तीत जाऊन जुलाब, हात धुणे, लसीकरण यावर बोलते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रकावरून लिहिलेला तिचा एक लेख नुकताच ‘प्रताधिकारभंग’ म्हणून काढून टाकला गेला. डॉक्टर नसताना लोकांना सांगण्याचा हिला हक्क काय? मी लॅपटॉप काढून घेतलाय आणि तिसऱ्यांदा परीक्षेला बसवतोय. फुकटच्या कामाने पोट भरत नाही, हे तिला तुम्ही समजवा. – एक पालक

उत्तर :

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात तुमचं मत आहे, तुमची काळजी आहे, परीक्षेचा हिशेब आहे. तिसरी परीक्षा तिला द्यायची आहे का, हे मात्र कुठेच नाही. मुलगी सज्ञान आहे. दोन अपयशं पचवून तिने दुसरा विषय घेतला, त्यात टिकली आणि वर स्वतःहून एक काम शोधलं. अशा वेळी तिचा लॅपटॉप काढून घेणं ही शिस्त नव्हे, शिक्षा आहे, आणि तीही तिचा काही गुन्हा नसताना. चिडलेल्या मनाने दिलेला तिसरा प्रयत्न बहुधा आधीच्या दोन्हींपेक्षा वाईट जातो. तिला समजवायला तुम्ही मला सांगितलंत; मला आधी तुमच्याशीच बोलायचं आहे.

‘डॉक्टर नाही, मग हक्क काय?’ हा तुमच्या पत्रातला सर्वांत मोठा गैरसमज. एखाद्या माणसाला तपासून निदान करणं आणि औषध लिहून देणं हे डॉक्टरचंच काम; तिथे तिने पाऊलही टाकू नये. पण जुलाब लागलेल्या बाळाला काय पाजायचं आणि दवाखान्यात कधी धावायचं, हे घरातल्या प्रत्येकाला यायला हवं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन अपुरं पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं द्रावण रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. पुढे १९८० ते १९९० या दशकात बांगलादेशात ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या सुमारे सव्वा कोटी घरांत गेल्या. तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढं मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर (सुमारे अर्धा लिटर) पाणी, एवढं त्या शिकवत. त्या डॉक्टर नव्हत्या. त्यांचं मानधन घरं मोजून ठरत नसे. आईला नंतर किती आठवतं, यावर ते ठरे, आणि आयांनी बनवलेल्या द्रावणाचे नमुने प्रयोगशाळेत तपासले जात. तरीही सुरुवातीला आया द्रावण बनवायला शिकत, पण मूल आजारी पडलं की वापरत नसत. चौकशीत कळलं, की काही कार्यकर्त्याच स्वतःला जुलाब झाले की गोळ्या घेत होत्या. द्रावण का काम करतं हे आधी त्यांना पटवलं, घरातल्या पुरुषांशीही बोलणं सुरू केलं, मग चित्र पालटलं. तुमची मुलगी रविवारी जे करते, त्यामागे एवढं मोठं शास्त्र आहे.

आता तिच्यासाठी, कारण हे काम ती नीट करत्येय का हेही पाहायला हवं. लोक ओआरएसचं, म्हणजे अशाच द्रावणाच्या तयार पुडीचं, पाकीट पेलाभर पाण्यात कालवतात. एक लिटरच्या पाकिटात साडेवीस ग्रॅम क्षार आणि ग्लुकोज असतं. ते २०० मिलिलिटरमध्ये टाकलं की द्रावण पाचपट तीव्र होतं. मग आतडं शरीरातलंच पाणी ओढून घेतं, जुलाब वाढतात आणि रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीला जातं. उलट, पुरवून वापरू म्हणून अर्धंच पाकीट लिटरभर पाण्यात टाकलं, तर क्षार कमी पडतात. छोटी पाकिटंही मिळतात, म्हणून आधी पाकिटावरचं माप वाचायचं. तिने एक लिटरची बाटली सोबत न्यावी, त्या घरातल्याच भांड्यात ओतावी आणि पाणी कुठवर आलं तिथे खूण करून द्यावी. कालवलेलं द्रावण २४ तासांनंतर टाकून द्यायचं. बाळाला उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्याने हळूहळू पाजायचं. शौचातून रक्त, खोल गेलेले डोळे, मूल मलूल पडणं किंवा काहीच पिऊ न शकणं, यातलं एकही दिसलं तर थेट दवाखाना.

आणि ‘समजलं ना?’ हा प्रश्न तिने कायमचा सोडावा. त्याला कुणीच ‘नाही’ म्हणत नाही. ‘आता तुम्ही मला करून दाखवा’ असं म्हणावं. चूक झाली तर बाईला दोष न देता पुन्हा शिकवावं, कारण कमी पडलं ते आपलं सांगणं.

काढून टाकलेल्या लेखाचं म्हणाल, तर तो काढणाऱ्यांचं बरोबर होतं. जागतिक आरोग्य संघटनेची बहुतेक प्रकाशनं ‘सीसी बाय-एनसी-एसए’ परवान्याखाली येतात, म्हणजे व्यावसायिक वापराला मनाई. विकिपीडियावरचा मजकूर कुणालाही, अगदी विकण्यासाठीही, वापरता यावा लागतो, त्यामुळे दोन्ही परवाने जुळत नाहीत. शिवाय भाषांतर केलं म्हणून मजकूर आपला होत नाही. पत्रक वाचावं, मिटावं, स्वतःच्या शब्दांत लिहावं आणि संदर्भ द्यावा. संदर्भही एखाद्या बातमीचा किंवा सुट्या अभ्यासाचा नको. आढावा लेख (अनेक अभ्यास एकत्र तपासणारा) किंवा उपचारांची अधिकृत मार्गदर्शक तत्त्वं हवीत, तीही शक्यतो गेल्या पाच वर्षांतली. ही चूक नवख्या माणसाकडून हमखास होते.

राहिला पोटाचा प्रश्न. विकिपीडियावरचं लेखन स्वयंसेवी आहे, ते तसंच राहील. पण वाचणाऱ्याला फुकट मिळतं म्हणून लिहिणाऱ्याने फुकटच राबावं असं नाही. आरोग्य विभाग, सेवाभावी संस्था, रुग्णालयं आणि संशोधन संस्था आरोग्यसंवादासाठी पगारी माणसं घेतात. स्पष्ट सांगायचं तर सुरुवातीचा पगार डॉक्टरच्या तोडीचा नसतो आणि बऱ्याच नोकऱ्या प्रकल्पापुरत्या असतात. हे तिला आजच माहीत असू द्या.

मार्ग सरळ आहे : ही पदवी, मग सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी. अनेक ठिकाणी त्यासाठी एमबीबीएस लागत नाही, पण पात्रता प्रत्येक संस्थेची वेगळी, ती तपासा. तिने संख्याशास्त्राची भीती आत्ताच घालवावी. तोवर एक वही ठेवावी : वीस जणींपैकी आधी किती जणींनी द्रावण बरोबर केलं, शिकवल्यावर किती जणींनी आणि दोन आठवड्यांनी किती जणींनी. तिसरा आकडा बहुधा दुसऱ्यापेक्षा कमी येतो, आणि मुलाखतीत त्याच्याबद्दलच विचारलं जाऊ शकतं.

लॅपटॉप आज परत द्या. परीक्षेबद्दल तिला विचारा आणि ‘नाही’ म्हणाली तर ते उत्तर माना. येत्या रविवारी तिच्यासोबत जा, मागे बसा, मध्ये बोलू नका. एक लिटरची बाटली तिच्याकडे नसेल, तर घरून तुम्ही घेऊन जा.