ख्रिस्ती होण्याचं निमंत्रण व्यक्तिशः कसं दिलं जातं?

बहुतेकदा ओळखीच्या माणसाकडूनच. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात येशूचा शिष्य अंद्रिया आपल्या भावाला, शिमोनाला, येशूकडे घेऊन जातो. नथनेल येशूबद्दल शंका काढतो तेव्हा दुसरा शिष्य फिलिप्प वाद घालत बसत नाही, ‘येऊन पाहा’ एवढंच म्हणतो. मला हीच पद्धत सर्वांत प्रामाणिक वाटते.

श्रद्धा स्वीकारायची असेल तर सभेत सर्वांसमोर पुढे या, असं जाहीर आवाहन तुलनेने अलीकडचं. 19व्या शतकात अमेरिकन धर्मोपदेशक चार्ल्स फिनी यांनी ते रुजवलं आणि 20व्या शतकात तिथलेच धर्मोपदेशक बिली ग्रॅहम यांच्या सभांनी जगभर नेलं. इव्हँजेलिकल, म्हणजे वैयक्तिक श्रद्धेवर आणि धर्मप्रसारावर भर देणारी प्रोटेस्टंट मंडळी, त्यानंतर वैयक्तिक प्रार्थना करायला सांगतात. कॅथलिकांकडे मात्र घाई नसते: प्रौढ व्यक्तीला आधी बरेच महिने शिकवण, मग बाप्तिस्मा (पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी), शक्यतो ईस्टरच्या आदल्या रात्री. आणि हो, नकार देण्याची मोकळीक नसेल तर त्याला निमंत्रण म्हणूच नये.